दाजी, तो चुना नव्हता

दाजी,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला माझी जी फजिती झाली, ती बघायला तुम्ही हवे होता. म्हणजे होता तसे, मधल्या खुर्चीवर, फ्रेममध्ये, हार घालून. पण इतका वेळ गप्प बसलेले तुम्ही मला ओळखूच येईनात.

भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलू लागला. तुमचा जन्म, तुमची सातवी, तुमचा कामसू हात, सगळं सांगून झालं. एकानं तर तुम्हाला मनमिळाऊ म्हटलं. मी चटकन फोटोकडं बघितलं. म्हटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला येऊन बसलोय की काय!

तेवढ्यात माइकवरनं पुकारा झाला, "आता दिवंगतांचे मेव्हणे दोन शब्द बोलतील." माझ्या हातात माइक दिला. तो मी असा आवळून धरला की हात लटलट कापायला लागला आणि माइक हनुवटीवर आपटून सगळ्या सणसरला खटखट ऐकू जाऊ लागली. लोकांना वाटलं, लाइनीत बिघाड आहे. आणि मागच्या रांगेतनं तुमच्या कारखान्याच्या शेडमधला पांडू ओरडला, "मामा, सैल धरा! सैल धरा!"

दाजी, दुखवट्याच्या मांडवात तुमची सगळी शेड हसली. हसता हसता त्यातल्या निम्म्यांनी डोळ्याला रुमाल लावला. आक्काही हसली. मी "जयभीम" म्हणालो आणि खाली बसलो. दोन शब्द सांगितले होते, मी एकातच उरकलं. राहिलेले आता लिहितोय. लिहिताना निदान मध्येच "ए, मुद्द्याचं बोल" म्हणायला तुम्ही नाही, हा एक फायदा. दुसरा कुठलाच नाही.

तर मुद्द्याचं.

तुम्हाला बारामतीच्या एमआयडीसीत त्या कारखान्यात चिकटवलं ते मीच. मी तिथं टाइमकीपर होतो. म्हणजे गेटजवळच्या खोलीत बसून कोण किती वाजता आला ते लिहिणारा. स्वतः मी किती वाजता आलो ते लिहिणारं कुणी नव्हतं, म्हणून ती नोकरी मला मानवली. तुम्ही लागला ग्राइंडिंग शेडमध्ये. ओतून आलेल्या लोखंडी भागांच्या कडा हातातल्या ग्राइंडरनं घासून काढायच्या. दिवसभर ठिणग्या, धूळ आणि घर्रर्र. पहिल्या दिवशी संध्याकाळी सायकल काढताना तुम्ही म्हणाला, "पाव्हणं, हातात मधाचं पोळं धरल्यागत वाटतंय." मी म्हटलं, "सवय होईल." ह्याच्याइतका अडाणी सल्ला मी आयुष्यात दुसरा दिलेला नाही. आणि मी सल्ले भरपूर दिलेत.

सवय झालीच. तीन-चार वर्षांत तुम्ही शेडचे राजे झाला. सगळ्यात जड माल तुमच्याकडं. नवीन माणूस आला की त्याला तुमच्यासमोर उभा करायचे आणि तुम्ही त्याचे हात उलटेपालटे करून बघायचा, बैल घेताना दात बघतात तसे.

मग एका थंडीत मला तुमची बोटं पांढरी दिसली. सकाळी सणसरहून सायकल मारत आला होता. कार्ड पंच करताना हातातनं सुटलं, मी उचलून दिलं आणि बघितलं तर दोन बोटं पेरापर्यंत पांढरीफेक.

"दाजी, हे काय?"

"चुना."

"एवढा?"

"तंबाखू कडक हाय."

आणि दाजी, मला ते पटलं! पुढचे दोन हिवाळे पटत राहिलं. आक्काचा सख्खा भाऊ, बारावी पास, कारखान्यात वेळेचा हिशोब ठेवणारा माणूस. माझ्या मनात एकदाही आलं नाही की उन्हाळ्यात तुम्हाला तंबाखूला चुना लागत नाही का.

दुसरी गोष्ट तर आता आठवली की घास अडकतो. पळसदेवची मासळी तुमचा जीव की प्राण. आणि एकाएकी तुम्ही ताट सरकवायला लागला. "वास मारतोय." मी म्हटलं, "बघा बुवा, मला तर काही वास येत नाही," आणि तुमचा वाटा माझ्या ताटात ओढला. एकदा नाही, दोन वर्षं. तुम्हाला बोटांनी काटे काढता येत नव्हते, हे मला कळायला पुण्याहून एक बाई यावी लागली.

त्या मॅडम. परदेशातल्या कुठल्या तरी गिऱ्हाइकानं आमच्या साहेबांना विचारलं होतं की, तुमच्या कामगारांच्या हाताला मशीनचा किती हादरा बसतो ते मोजलंय का? साहेबांनी तोवर माल मोजला होता, पोती मोजली होती, चहाचे कपसुद्धा मोजले होते. हादरा मोजायचा राहून गेला होता. म्हणून मॅडम एक पेटी घेऊन आल्या. पेटीला वायर, वायरीच्या टोकाला चिंचोक्याएवढा धातूचा तुकडा. तो ग्राइंडरच्या मुठीला घट्ट बसवायचा, माणसानं नेहमीसारखं काम करायचं, पेटीवर आकडा येतो.

"पण नुसता आकडा पुरत नाही," मॅडम म्हणाल्या, "मशीन किती हादरते आणि ती दिवसात किती वेळ हातात चालू असते, दोन्ही मिळून कळतं. वेळ कोण मोजेल?" सगळी शेड माझ्याकडं वळली. वेळ म्हणजे मी. मला गळ्यात अडकवायचं घड्याळ दिलं. मी स्वतःला ऑलिंपिकचा पंच समजू लागलो.

पहिल्याच दिवशी भांडण. मॅडमनी विचारलं, "मशीन दिवसातून किती वेळ चालवता?" सगळे एका सुरात, "आठ तास!" मी घड्याळ लावून बसलो. माल उचलणं, ठेवणं, उलटा करणं, चाक बदलणं, पाणी, बिडी हे सगळं वजा केलं तर तीन तासही होईनात. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्कल बघा माझी.

"म्हंजी?" तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे. "ऱ्हायलेलं पाच तास आमी काय हितं पत्तं कुटतो व्हय?"

"तसं नाही हो काका," मॅडम म्हणाल्या, "तेवढा वेळ हाताला विश्रांती मिळते, हे चांगलंच आहे."

"इस्रांती आमी घेत न्हाय," तुम्ही म्हणाला. आणि माझ्याकडं बघून, "घेणारी मान्सं गेटजवळ बसत्यात."

खरं तर पहिल्या दिवसाचं माझं मोजमाप अर्धं वाया गेलं होतं. पांडूची वेळ मोजताना घड्याळ मी चहाच्या सुट्टीत बंद करायलाच विसरलो. कागदावर पांडू चहा पीत पीत घासत होता.

दुपारी तुम्ही चिंचेखाली डबे सोडून सभा घेतली. मला नंतर पांडूनं सांगितलं. तुमचं म्हणणं असं, की पेटी मशीनला लावलीय हे नुसतं दाखवायला, मोजतात ते माणसाला. ज्याचा हात जास्त थरथरला तो कमजोर. कमजोर माणसाला घरी बसवतात. "तवा उद्या मशीन अशी दाबून धरायची, जशी येसण न घातल्याली खोंडं धरतो. हालू म्हनून द्यायची न्हाय." झालं! सगळ्या शेडनं ठरवलं की, हादरा ताकदीनं जिरवायचा. तो जिरतो कुठं, तर आपल्याच कोपरात, हे कुणाला ठाऊक?

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी. पहिला नंबर तुमचा. तुम्ही ग्राइंडर असा आवळला की मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मॅडम दोनदा म्हणाल्या, "काका, नेहमीसारखं धरा." तुम्ही म्हणाला, "ह्ये न्हेमीसारखंच हाय," आणि दात आवळले. दहा मिनिटांनी मॅडमनी हात वर केला, तुम्ही बटण सोडलं, चाक थांबलं. मशीन काही तुम्ही खाली ठेवेनात. ठेवताच येईना. बोटं उघडतच नव्हती. मी एका बाजूनं आणि पांडू दुसऱ्या बाजूनं, लहान मुलाच्या मुठीतनं गोळी काढावी तशी मशीन काढून घेतली. आणि हात उघडले तर दोन्ही हातांची दोन-दोन बोटं पांढरी.



"चुना हाय, मॅडम," तुम्ही म्हणाला.

मॅडमनी आपला इस्त्रीचा रुमाल काढला आणि तुमचं बोट पुसलं. रुमाल काळा झाला, बोट पांढरंच राहिलं. "चुना फार पक्का दिसतोय. काका, तंबाखू कुठल्या हातानं मळता?"

"उजव्या."

"मग डाव्याला कसा लागला?"

तुम्ही माझ्याकडं बघितलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात दोन हिवाळ्यांचा उजेड पडला, कार्डं, मासळी, सगळं. "हादऱ्यानं बोटातलं रक्त अडतं, थंडीत ती अशी पांढरी पडतात," असं म्हणत मॅडमनी माझ्या हातात फॉर्म दिला. 'बोटांची स्थिती' असा रकाना होता. "लिहा," म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडं वळल्या.

तुम्ही हळूच म्हणाला, "पाव्हणं, लिवू नगा. घरी बसवत्याल."

दाजी, मी त्या रकान्यात लिहिलं, 'चुना'.

सरकारी छापाच्या सुंदर अक्षरात. माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं. अक्कल सोडून बाकी सगळं वळणदार.

संध्याकाळी मी तुमच्याच घरी आलो. तुम्ही म्हशीला पाणी दाखवायला गेला होता. चुलीपुढं आक्का. मी शौर्याची गोष्ट सांगावी तसं तिला सांगितलं, की मी कसं तुमचं काम वाचवलं.

आक्कानं भाकरी तव्यावरच सोडली. "चुना लिव्हलास?"

"हो. नाहीतर घरी बसवतील."

ती आत गेली आणि तुमचा सदरा घेऊन आली. "ह्ये बघ." मी बघितलं. समोर बटणं दिसत होती, पण नुसती वर शिवलेली. आतनं टिचबटणं, दाबली की बसणारी.

"दोन हिवाळं झालं, सकाळी सदऱ्याची बटणं मी लावती. भाकरीचं पीठ हाताला, तसंच. ह्यांना बटण सापडत न्हाय बोटाला. मग म्हनलं, रोज रोज मान्सापुढं नगं, म्हनून टिचबटणं आनली. दुकानदारीण इचारती, कुनाच्या झंपरला? काय सांगू तिला? आन् धार काढायचं बी म्याच घेतलं. म्हस लाथा झाडाय लागली ह्यांच्या हाताला."

"मला सांगायचं नाही का?"

"तुला?" आक्का म्हणाली, "तू दोन वरसं त्यांच्या वाट्याचं मासं खातुयास, तुला काय सांगायचं?"

मी उठलो. ती मागनं म्हणाली, "बाळ्या, लिव्ह खरं. मला हातापायाचा नवरा पायजे. कारखान्याला दुसरा मिळंल."

सकाळी मी मॅडमच्या फायलीतला फॉर्म काढला, 'चुना' खोडला आणि लिहिलं, 'दोन्ही हात, दोन-दोन बोटं, थंडीत पांढरी पडतात, बधिर. सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत. माशाचे काटे काढता येत नाहीत. म्हैस लाथा मारते. माहिती देणार, पत्नी.' मॅडमनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "इतका चांगला रिपोर्ट मला कुणी दिला नव्हता." मला आनंद झाला. तो तीन मिनिटं टिकला. कारण त्यांनी साहेबांना आणि साहेबांनी सुपरवायझरला दिला आणि सुपरवायझरनं सगळ्या शेडपुढं तो मोठ्यानं वाचला. म्हशीसकट.

तुम्हाला घरी बसवलं नाही. मॅडमनी साहेबांना स्पष्ट सांगितलं, ह्यांच्या हातात ग्राइंडर द्यायचा नाही, पण ह्यांच्याइतकं ग्राइंडर कळणारा माणूसही तुमच्याकडं नाही. तुम्हाला चाकांचं आणि मशीनींचं काम दिलं. तपासायचं, बसवायचं, नीट चालतंय का बघायचं.

पण तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलं. सोडलं म्हणजे कसं, तुम्ही मला 'साहेब' म्हणू लागला. समोरासमोर बसून आक्काला सांगायचा, "साहेबास्नी आमटी वाढ." दिवाळीत माझ्या पोरांना म्हणायचा, "बापाला इचारा, साहेब फराळ घेनार का?" आमची बायको मला म्हणाली, तुम्हाला इतका मान आजवर कुणी दिला नाही, घ्या की.

एकदाच बोलला तुम्ही. उसाच्या बांधावर उभे होतो दोघं. मी म्हटलं, "दाजी, मी चुकलो का?" तुम्ही उसाकडं बघत म्हणाला, "हात माझं व्हतं. माझ्या बायकूनं झाकलं व्हतं. तू उघडं करून कागदावर मांडलंस. बरं केलंस का वाईट, ते मला ठावं न्हाय. पर इचारलं न्हाईस."

दाजी, ह्याला उत्तर मी अजून शोधतोय. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. नाही म्हणाला असता तर मी चुनाच ठेवला असता. चुना ठेवला असता तर तुमची बोटं आणखी दोन पेरं गेली असती. हे सगळं खरं आहे. आणि मी विचारलं नाही, हेही खरं आहे. हे दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघतो. बसत नाहीत.

पण रागाच्या भरात तुम्ही त्या शेडचं जे केलं! चाक बसवलं की हातानं फिरवून कान लावून ऐकायचा. जरा लंगडं फिरलं की बाहेर. "ह्ये चाक न्हाय, ह्यो म्हसोबाचा गोटा हाय." इंदापूरच्या भंगारवाल्याकडनं ट्रॅक्टरच्या सीटच्या स्प्रिंगा आणल्या आणि जड ग्राइंडर छताच्या आढ्याला टांगले. वजन स्प्रिंगेवर, माणसानं नुसतं वळवायचं. कामाला लागायच्या आधी गरम चहाचा पेला दोन्ही हातात धरायची सक्ती केली. शेडला हा एकच नियम मनापासून आवडला. तासाला रुळाचा तुकडा वाजवून माणसं बदलायला लावली. आणि दिवसभर एकच घोष, "सैल धर! मशीन काय पळून चाललीय? सैल धर!" कुणी आवळून धरलेलं दिसलं की मागनं जाऊन त्याच्या मनगटावर टिचकी. पांडू म्हणायचा, ग्राइंडर परवडला, दाजी नको.

मीही हातभार लावला होता. मुठींना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली तर हादरा कमी होईल, ही माझी आयडिया. एक अख्खा रविवार बसून मी सगळ्या मशीनींना ट्यूब गुंडाळल्या. मॅडम परत मोजायला आल्या, तेव्हा तुमच्या स्प्रिंगेच्या मशीनवर आकडा झपकन उतरला. नुसत्या माझ्या ट्यूबवाल्या मशीनवर तो होता तिथंच. उलट मूठ जाड झाल्यानं माणसं आणखी आवळून धरत होती. तुम्ही तिसऱ्याच माणसाला म्हणाला, "साहेबास्नी सांग, ट्यूबा सायकलला लावत्यात."

मॅडमनी विचारलं, "हे सगळं कुणी केलं? नाव घालते रिपोर्टात."

"माझं नाव एकदा लागलंय कागदाला," तुम्ही म्हणाला. "तेवढं पुरं."

शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तुम्ही पडून होता. दाराशी बसलेले लोक दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून गप्पा मारत होते. तुम्ही डोळे मिटूनच म्हणाला, "पडू द्या. आपली चाकं चालू हायती." मग तुमचे हात गार लागले म्हणून मी दोन्ही हातांनी धरले. तुम्ही खेकसला नाही. नुसतं म्हणाला, "बाळ्या." इतक्या वर्षांनी बाळ्या. मी आणखीच घट्ट धरले. तुम्ही एक डोळा उघडला.

"येड्या, सैल धर की. काय शिकिवलं तुला?"

मी सैल धरले. खूप वेळ धरले. मला तेव्हा विचारायचं होतं की, मग आता मी बरोबर की चूक? ह्याही वेळी विचारलं नाही.

परवा मांडव उठल्यावर आक्कानं मला आत बोलावलं. तुमची ट्रंक उघडली. वरचे सदरे सगळे टिचबटणांचे. खाली एक निळा सदरा होता, त्याला वरची दोन बटणं टिच, आणि खालची खरी. काजं केलेली. मी तिच्याकडं बघितलं.

"ह्यो शिवून दोन वरसं झाली," ती म्हणाली. "मशीन सुटल्यापास्नं थोडं थोडं बोटात आलं व्हतं. समदं न्हाय. वरची दोन कवाच जमली न्हाईत. पर खालची स्वता लावायचं. भाकऱ्या व्हऊन ताट वाढंस्तवर बसायचं लावत, कुनी बगितलं की पाठ फिरवायचं. आन् पळसदेवची मासळी मागंमागं आनली व्हती. एकटंच बसून खाल्ली. काटं काडून."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

आक्कानं पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"त्यांनी शपत घातली व्हती. म्हनायचं, बाळ्याला कळू दिऊ नगंस. त्याला वाटंल त्येनं कागदावर लिव्हलं म्हनून झालं. लै फुगंल."

दाजी, कळलं. तुमचा अंदाज कधी चुकायचा नाही.

मी फुगलोय.